‘करत असू’ एवढीच स्पॅनिश

मला स्पॅनिश शिकवली ती एका म्हाताऱ्या सिस्टरनं. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, कारण पुढं कारखान्यात त्याच्या फार कथा झाल्या. कुणी म्हणे, हा त्या गोऱ्या फिटरच्या मागं मागं फिरून शिकला. कुणी म्हणे, पुस्तक पाठ केलं. एका साहेबानं तर नोटीस बोर्डावर लिहिलं होतं, ‘कंपनीच्या प्रशिक्षण धोरणाचे फलित’. साफ खोटं आहे. कंपनीनं मला एक अक्षर शिकवलं नाही. शिकवलं ते त्र्यंबक रस्त्यावरून आत वळलं की मिशनचा एक दवाखाना होता, तिथल्या सिस्टरनं. लोकांच्या जखमा बांधता बांधता, आणि मी सातवीत शाळा सोडलेला माणूस आहे हे पुरतं माहीत असताना.

मी नाशिकचा नाही. माझं गाव यवतमाळकडचं. सातवीत मराठीच्या गुरुजींनी ‘काळ ओळखा’ म्हणून पाच वाक्यं दिली आणि माझी पाचही चुकली. त्यांनी मला वर्गाबाहेर उभं केलं. दुसऱ्या दिवशी मी बाहेरही उभा राहिलो नाही, गेलोच नाही. सायकलच्या दुकानात बसलो, तिथून जिनिंगमध्ये, आणि एका नातेवाइकाच्या ओळखीनं सातपूरला मशीन बनवणाऱ्या एका कारखान्यात लागलो. टेंपररी. एकोणऐंशी-ऐंशीचा सुमार असेल.

माझं काम स्क्रेपिंगचं. ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मशीनला लोखंडाचा मोठा बेड असतो आणि त्यावरच्या दोन लांब पट्ट्यांवरून टेबल मागं-पुढं सरकतं. त्या पट्ट्या आरशासारख्या सपाट लागतात. आम्ही एका पक्क्या सपाट प्लेटला निळा रंग फासून ती बेडवर घासायचो. बेडचा जो भाग वर आलेला असेल तिथं निळा ठिपका उमटतो. मग लांब दांड्याची पटाशी कमरेला टेकवायची आणि कमरेच्या जोरावर तो ठिपका तेवढाच खरवडायचा. पुन्हा निळा, पुन्हा खरवड. दिवसभर. असे आम्ही आठजण होतो. आठही जणांच्या उजव्या खुब्याच्या हाडावर जाड काळा घट्टा पडलेला होता.

त्या वर्षी स्पेनहून एक मशीन आलं. ते मशीन आमचंच काम करणार होतं; आम्ही आठवडाभर खरवडायचो ते दगडी चाकानं एका दिवसात घासून देणार होतं. म्हणजे आठातले सहा जाणार आणि दोघांना त्या मशीनवर घेणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दोघांसाठी अट होती, मॅट्रिक पास. म्हणजे माझं नाव यादीत यायच्या आधीच कटलेलं. आईनं मात्र गावात सांगून ठेवलं होतं की पोरगा परमनंट झाला.

मशीनच्या खोक्यांत स्पेनची जुनी वर्तमानपत्रं कोंबलेली होती. त्याच आठवड्यात माझ्या डोळ्यात लोखंडाचा कण गेला आणि मला मिशनच्या दवाखान्यात नेलं. सिस्टरनं माझं डोकं काखेत दाबून धरलं.

“हलू नको रे. हलला तर डोळा जाईल, मंग मला बोलशील.”

ही मराठी ती हरसूलच्या आठवड्याच्या बाजारात शिकली होती. तीस वर्षं जीपनं तिथं औषधं घेऊन जात होती. गोरी, बुटकी, हाताला स्पिरिटचा वास. कण निघाल्यावर मी डोळा पुसायला खिशातून कागद काढला, तो त्या खोक्यातल्या वर्तमानपत्राचा तुकडा होता. तिनं तो माझ्या हातातून ओढूनच घेतला.

“हा कुठून आणला?”

“कंपनीत आहेत. ढीगभर.”

“ढीगभर हायेत?” तिनं तो तुकडा खिडकीपाशी नेऊन वाचला. एका दुकानातल्या चपलांची जाहिरात होती, पण तिनं दोनदा वाचली. मग म्हणाली, “आणून दे. उद्याच.”

मी आणून दिले. पहिली पाळी साडेतीनला सुटायची. चारला मी दवाखान्यात, शर्टाच्या आत चुरगळलेले कागद. ती ते हातानं सपाट करून वाचायची आणि मी बाकावर बसून राहायचो. तिसऱ्या दिवशी मी भीत भीत विचारलं, “सिस्टर, ही भाषा मला येईल का?”

“किती शिकला?”

“सातवी. नापास.”

“मंग येईल. जास्त शिकलेले लय प्रश्न विचारत्यात.”

स्पॅनिश येत असली तर कदाचित मॅट्रिकची अट सुटेल, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. तिला मी ते सांगितलं नाही. ती जे शिकवू लागली त्याचा मशीनशी काही संबंधच नव्हता. ती तिच्या स्पेनमधल्या गावाबद्दल बोलायची. आई नदीवर कपडे धुवायची, लावाबा. आई गायची, कांताबा. बाप डोंगरात मेंढ्या राखायचा आणि शनिवारी खाली यायचा. आम्ही पाव कांद्याबरोबर खायचो, कोमीआमोस. आम्ही सात भावंडं एका खोलीत राहायचो, विवीआमोस. मी ते वाक्य म्हणायचं, ती चूक काढायची, मग मी माझ्या गावचं तेच वाक्य बनवायचं. माझी आई कापूस वेचायची. माझा बाप जिनिंगमध्ये राबायचा, त्राबाखाबा.

“आर वाल्या शब्दाला शेवटी ‘आबा’ लावायचा,” ती पट्टी गुंडाळत सांगायची. “एर नि इर वाल्याला ‘ईआ’. झालं.”

“एवढंच?”

“तीनच शब्द उंडगे हायेत, ते ऐकत नाहीत. बाकी सगळे गुणी. दुसऱ्या काळांत बघशील तर जिथं तिथं भानगडी. इथं नाय.”

मला खरं वाटेना. ज्या गोष्टीनं मला वर्गाबाहेर काढलं, तीच गोष्ट इथं इतकी सरळ होती की एका आठवड्यात मी वीस शब्दांना शेपट्या लावत होतो आणि चुकत नव्हतो. शिवाय त्यात मला एक गोष्ट फार आवडली. ‘मी काम करत असे’ आणि ‘तो काम करत असे’, दोघांना एकच रूप. यो त्राबाखाबा, एल त्राबाखाबा. मी असो की वर्क्स मॅनेजर असो, शब्दाला फरक पडत नाही. मी ते फोरमनच्या केबिनसमोरून जाताना मनात म्हणायचो.

महिन्याभरानं मी विचारलं, “सिस्टर, सगळं जुनंच काहून शिकवता? ‘मी काम करतो’ असं कसं म्हणायचं?”

तिचा हात थांबला. “खरंच की,” ती म्हणाली. “माझ्या लक्षातच नाय आलं. आजचं बोलायला मला मराठी हाय ना. सकाळी उठल्यापासून पेशंट, इंजेक्शन, जीपचा डायवर, सगळं मराठी. त्या भाषेत माझा आजचा दिवस राह्यलाच नाय. फक्त ते गाव उरलं.”

नंतर तिनं मला ‘मी काम करतो’ही शिकवलं. पण आम्ही दोघंही पुन्हा आबा-ईआवरच यायचो. मी खोलीवर परत जायचो तेव्हा मला जाणवायचं की माझंही तसंच होत चाललंय. माझी वऱ्हाडी बोली आता गावचं आठवायलाच उरली होती. कारखान्यात मी ‘काहून’ म्हटलं की हसायचे.

खोलीवर आम्ही चौघं होतो, सगळे तिकडचेच.

“अबे, हा रोज मिशनमंदी काहून जाऊन रायला?” एकजण स्टोला पंप मारत म्हणायचा. “बाटते का काय?”

“माझ्या बापानं छप्पन साली एकदा धर्म सोडला,” मी म्हणायचो. “आमच्या घरात तेवढं पुरे आहे.”

“मंग काय करतं तिथं?”

“स्पॅनिश शिकतो.”

चौथा हसून हसून भाकरीवर आडवा झाला. तेव्हापासून मी ‘स्पेनचा राजा’. राजा, पाणी भर. राजा, आज संडास धुवायची पाळी तुमची. मी पाणी भरत असताना मुद्दाम मोठ्यानं ‘लावाबा, लावाबास, लावाबा’ म्हणायचो. थांबलो नाही. एवढी एक गोष्ट आयुष्यात मी लोक हसले म्हणून सोडलेली नाही.

इकडे मशीनचा पाया तयार झाला आणि बेड त्यावर बसवला. स्पेनचा फिटर यायला अजून दोन आठवडे होते. आता आमच्या शॉपची एक सवय सांगायला हवी. आमच्याकडे कुठलाही बेड आला, नवा असो, दुसऱ्या कंपनीतला असो, की त्याला निळा लावून बघायचाच. नाही बघितलं तर आम्हाला चैन पडत नसे. तसा या बेडलाही लावला. आणि ठिपके फक्त मध्यावर उमटले. दोन्ही टोकांना कोरडं. म्हणजे बेड मध्ये वर आलेला.

फोरमन खूश झाला. “बघा! लय नाव स्पेनचं. सपाटी नाय जमली. आपल्या पोरांनी दाखवावं त्यांना.”

आम्ही दाखवलं. सहा दिवस. तिघांनी केलं, पण मधला सगळा भाग माझ्या हातचा, कारण माझा हात हलका म्हणून फोरमननं मलाच लावलं. सातव्या दिवशी निळा लावला तर या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखे ठिपके, चांदण्यांसारखे. इतकं चांगलं काम मी आधी केलं नव्हतं. मी त्यावर हात फिरवत उभा राहिलो होतो, अजून आठवतं.

फिटर आला. साठीचा, जाड भिवया, दोन-चार इंग्रजी शब्द येणारा. त्यानं डायल लावून बेड मोजला, पुसला, पुन्हा मोजला. दुपारपर्यंत तेच. मग तो नुसता बेडवर तळहात ठेवून बसला. आमच्या तरुण इंजिनिअरनं त्याच्याशी तोडकंमोडकं बोलून वर्क्स मॅनेजरला सांगितलं, “साहेब, तो म्हणतो बेड मध्ये थोडा उंच ठेवलेला होता. मुद्दाम. वर टेबल आणि त्यावर घासायच्या जॉबचं वजन आलं की दबून तो सपाट होतो. तो म्हणतो, त्यानं स्वतः स्क्रेप केलेला, निघताना बरोबर होता, आता मधला उंचवटा गेलाय.”

आम्ही बिघडवलं होतं. आमचीच सवय, आमचीच सफाई. दुसऱ्या कुणाच्या हातून अशी चूक झालीच नसती.

वर्क्स मॅनेजर फोरमनकडे वळले. “आपल्या माणसांनी हात लावलाय?”

“नाय साहेब. आला तसाच हाय.”

“मग लिहा त्यांच्या कंपनीला. सदोष माल. आणि या गृहस्थाचं नाव टाका, स्वतःच कबूल करतोय ना की त्यानं केलंय म्हणून.”

फिटरला शब्द कळले नाहीत, पण कशाबद्दल चाललंय ते कळलं. त्यानं चष्मा काढून पुन्हा डायल लावला. साठ वर्षांचा माणूस स्वतःच्याच कामात चूक शोधत होता.

सुट्टी व्हायच्या आत फोरमननं मला स्टोअरच्या मागं घेतलं. “दोन नावं द्यायचीत मशीनवर. एक तुझं टाकतो. सातवी-बितवी माझ्यावर सोड. तू फक्त तोंड मिटून ऱ्हा. आणि ते तुझं मिशनचं लफडं बंद कर, त्या गोऱ्याशी बोलायला जाशील येड्यासारखा.”

मी चारला दवाखान्यात गेलो तेव्हा माझ्या तळहातांना इतका घाम सुटला होता की सिस्टरनं आधी कपाळाला हात लावून ताप बघितला. मी सगळं सांगितलं. फोरमनचं आमिषही सांगितलं. ती एका बाईच्या पायाला पट्टी बांधत होती, तिनं ती पूर्ण बांधली.

“तुला काय करायचंय?” तिनं विचारलं.

“बोलायचंय. पण गेलो तर नोकरी जाईल. गावाला परत काय तोंड घेऊन जाऊ? जिनिंगमध्येही आता घेणार नाहीत.”

“भीती वाटती?”

“लय.”

“मंग भिऊन बोल. भिऊन बोललेलं पण ऐकू जातं माणसाला.”

“सिस्टर, ‘मी केलं’ कसं म्हणायचं? एकदाच केलं, असं? मला तर सगळं ‘करत असे’ येतं.”

तिनं एक शब्द सांगितला. मी म्हणून बघितला, चुकला. पुन्हा चुकला. तिनं हात हलवला. “राहू दे. उद्या घाबरशील नि हा आधी पळंल. जे पाठ हाय ते बोल. तुमी तिथं रोज काय करत होता, ते सांग. त्याला कामाचं कळतं ना? मंग कळंल.” आणि मी दारात गेल्यावर मागून म्हणाली, “जेवून जा उद्या. उपाशी पोटी भांडू नये.”

मी जेवून गेलो. सकाळी मशीनभोवती सगळे उभे होते. वर्क्स मॅनेजर, फोरमन, इंजिनिअर, आणि पत्राचा मसुदा घेतलेला टायपिस्ट. फिटरपुढं तो कागद सहीसाठी ठेवला होता. मी माझ्या जागेवरून निघालो आणि बेडपाशी येऊन उभा राहिलो.

“सेन्योर,” मी म्हणालो. “अकी, सिएम्प्रे, मिराबामोस.” इथं, नेहमी, आम्ही बघत असू.

फिटरनं मान वर केली.

“पिंताबामोस आसूल.” आम्ही निळा रंग लावत असू. “सिएम्प्रे. तोदोस.” नेहमी. सगळ्यांना.

“काय बडबडतोय हा?” फोरमन म्हणाला. “ए, जाग्यावर जा!”

“रास्काबामोस,” मी म्हणालो आणि कमरेनं पटाशी ढकलल्यासारखं केलं. मग बेडच्या मध्यावर हात ठेवला आणि छातीवर ठेवला. “यो. यो रास्काबा.”

“तू?” फिटर म्हणाला. तो शब्द मला कुणी शिकवला नसता तरी कळला असता.

“सी. यो.” हो. मी.

मी खरं म्हणजे म्हणालो होतो की मी इथं खाजवत असे. स्क्रेपिंगचा शब्द वेगळा आहे, तो सिस्टरला माहीत असायचं कारण नव्हतं. हे नंतर कळलं. तेव्हा फिटर हसला नाही. तो माझ्याजवळ आला, माझ्या उजव्या खुब्यावर बोट टेकवलं, शर्टावरून घट्टा चाचपला. मग स्वतःचा पट्टा सैल करून त्यानं त्याचा घट्टा सगळ्यांसमोर दाखवला. माझ्यापेक्षा मोठा होता. वर्क्स मॅनेजरांनी तोंड फिरवलं.

पुढचं त्यानं इंजिनिअरला सांगितलं आणि इंजिनिअरनं, त्याचंही कौतुक आहे, जसंच्या तसं मराठीत सांगितलं. “साहेब, तो म्हणतो, बेड बिघडला आहे, पण इतका सपाट बेड त्यानं बाहेर कुठं पाहिला नाही. ज्यानं हा सपाट केला तोच माणूस त्याला परत उंच करायला पाहिजे. दुसरा नको. नाहीतर तो मशीन चालू झाल्याच्या कागदावर सही करणार नाही.”

“तो सातवी पास आहे, सांगा त्याला,” वर्क्स मॅनेजर म्हणाले.

पासही नाही, मी मनात म्हटलं.

इंजिनिअरनं सांगितलं. फिटरनं खांदे उडवले आणि निळ्या रंगाचा डबा माझ्या हातात दिला.

अकरा दिवस आम्ही दोघांनी मिळून तो बेड परत उंच केला. या वेळी टोकं उतरवायची होती. त्याच काळात मला चार्जशीट मिळाली, ‘आदेशाशिवाय यंत्रास हात लावल्याबद्दल’. आदेश कुणाचा होता ते मी उत्तरात लिहिलं, चुकलेल्या ऱ्हस्व-दीर्घासकट, आणि खाली पूर्ण सही केली. फोरमन माझ्याशी पुन्हा कधी बोलला नाही. मीही नाही. चार्जशीट फायलीत राहिली आणि मी, बेड माझ्या हातचा म्हणून, मशीनवर राहिलो. बाकीच्या सहाजणांना मात्र काढलंच. माझ्या बोलण्यानं त्यांचं काही वाचलं नाही, आणि त्यातला एक माझ्या खोलीतला होता. तो सामान बांधताना म्हणाला, “तू राय, राजा.” यात टोमणा होता की नव्हता, मला आजही ठरवता येत नाही.

त्या मशीनवर मी आता आठ वर्षं आहे. कागदावर माझा हुद्दा अजून ‘हेल्पर’ आहे, मॅट्रिक नाही म्हणून. नवे डिप्लोमावाले ऑपरेटर माझ्याकडून शिकून माझ्या वरच्या पगारावर जातात. जाऊ देत. बाहेरून दहावीला बसा, असं सगळे सांगतात. बसणार नाही. ज्या बेडवर ते टेबल रोज सरकतं तो माझ्या हातचा आहे, त्याचं सर्टिफिकेट मला कुणाकडून नको.

सिस्टरला चार वर्षांपूर्वी तिच्या देशात परत बोलावलं, वय झालं म्हणून. जायचं नव्हतं तिला. पोहोचल्यावर तिचं पत्र आलं, देवनागरीत, मोठ्या वाकड्या अक्षरांत. लिहिलं होतं की तिथं म्हाताऱ्या सिस्टर्सच्या घरात ठेवलंय, खिडकीतून समुद्र दिसतो, जेवण बरं हाय. तिच्याच गावचं कुणी उरलं नाय. ‘सगळे मला विचारतात ते मला समजतं,’ तिनं लिहिलं होतं, ‘पण मला मराठीच पहिली तोंडात येती. मग ह्या हसतात. इथं मराठी बोलायला कोण नाय.’

सातवीवाल्याला पासपोर्ट देत नाहीत, असं मला कारखान्यात दहाजणांनी सांगितलं. मी कचेरीत जाऊन विचारून आलोय. देतात. बाकीचं मी बघीन. किती वर्षं लागतील ते माहीत नाही, आणि तिचं वय आता ऐंशीच्या आसपास आहे, या विचारानं झोपेतून जाग येते हेही खरं. पण मी जाणार. तिच्याशेजारी बाक ओढून बसणार, आणि सकाळपासून दिवस मावळेपर्यंत तिला मराठी बोलू देणार, हरसूलच्या बाजारातली, नाय-हाय करत, मोठ्यानं. त्या घरातलं कुणी हसलं तर त्यांना काय सांगायचं तेवढी स्पॅनिश मला येते.